बंदुकीच्या कपाटाला कुलूप, आणि विमा ऐच्छिक

गाडी रस्त्यावर काढायची तर थर्ड पार्टी विमा हवाच, हे पुण्यातल्या रिक्षावाल्यालाही माहीत असतं. ब्रिटनमध्ये हा नियम १९३० पासून आहे. पण इथेच पक्ष्यांच्या शिकारीला भरलेली बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्यांची शॉटगन, घेऊन शेताच्या बांधावर उभं राहायचं, दोन्ही बाजूंना आणखी बंदूकवाले आणि समोरच्या झाडीतून पक्षी उठवायला हाका घालत येणारी माणसं आणि कुत्री, तरी विम्याची सक्ती नाही. मला हे अजिबात पटत नाही.

आधीच सांगतो, भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते उत्तमच झालं. इथे यॉर्कशरमध्ये फेजंट (कोंबडीच्या जातीचा रानपक्षी) पाळून रानात सोडतात आणि १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी या हंगामात मारून खातात. ते योग्य की अयोग्य यावर भांडायचं असेल तर वेगळी पोस्ट टाकतो. आजचा प्रश्न एवढाच, की चुकून माणसाला छर्रे लागले तर भरपाई कोण देणार?

आणि लागतात हो. ११ फेब्रुवारी २००६ ला टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी पक्ष्यामागे वळले आणि बार बसला हॅरी व्हिटिंग्टन या ७८ वर्षांच्या वकिलांना. चेहरा, मान, छाती, सगळीकडे छर्रे. ते वाचले. वळणं, खाली उडणारा पक्षी, सूर्य डोळ्यावर, एवढं पुरतं.

शॉटगनचं सर्टिफिकेट देताना पोलीस काही कमी कसून बघत नाहीत. डॉक्टरकडून माहिती मागवतात, घरी येऊन बंदुकीचं कपाट तपासतात. विमा नाही म्हणून मात्र सर्टिफिकेट अडत नाही.

मी विमा शोधायला निघालो तो घराच्या पॉलिसीपासून. त्यात पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई, होती, म्हणून खूश झालो. मग अपवादांच्या यादीत, कुत्रा चावण्याच्या कलमाखाली, बारीक अक्षरात ‘बंदुका’ दिसल्या. दुसऱ्या एका कंपनीतल्या मुलाने फोनवर मोठ्या उत्साहाने ‘स्पोर्ट्स कव्हर’ सुचवलं. ते निघालं बंदूक चोरीला गेली तर भरपाई देणारं! माझी बंदूक गेली तर मला पैसे, आणि माझ्या बंदुकीने कुणाचा डोळा गेला तर? पोरगा गप्प.

इथले बहुतेक जण शिकाऱ्यांच्या संघटनेचे सभासद होऊन प्रश्न सोडवतात. १९०८ साली स्थापन झालेली बीएएससी (ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्वेशन) वर्गणीतच एक कोटी पौंडांपर्यंतचं लायबिलिटी कव्हर देते. तरी नियम वाचाच. एका सभासदाने दुसऱ्याला जखमी केलं तर हे कव्हर चालतं का? परदेशात चालतं का? आणि हाका घालणाऱ्यांना रोजचे पैसे मिळत असतील तर ते कामगार ठरू शकतात. मग १९६९ च्या कायद्याप्रमाणे आयोजकाला एम्प्लॉयर्स लायबिलिटी, म्हणजे कामगारांच्या इजेसाठी मालकाचा विमा, घ्यावी लागते, किमान ५० लाख पौंडांची. तिथे तुमचं सभासद कार्ड कामाचं नाही.

म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्याला सक्ती, बार काढणाऱ्याला नाही! जर्मनीत विम्याचा पुरावा दिल्याशिवाय शिकारीचा परवानाच मिळत नाही, आणि माणसाच्या इजेसाठी किमान ५ लाख युरोंचं कव्हर लागतं. फ्रान्समध्येही विमा सक्तीचा आहे. तिथली शिकार काही बंद पडली नाही.

‘सगळ्यांकडे असतोच की’ असं मला नेहमी ऐकवतात. असतो तर मग कायद्यात लिहायला हरकत कसली? ज्याच्याकडे नसतो, तोच नेमका कुणाचा तरी पाहुणा म्हणून, मागून आणलेली बंदूक घेऊन शेजारच्या पेगवर (बंदूकवाल्याच्या ठरलेल्या जागेवर) उभा असतो.

इथल्या आपल्या मराठी मंडळींना हल्ली ऑफिसातले साहेब लोक शूटचं आमंत्रण देतात. जरूर जा. पण पेगची चिठ्ठी उचलण्याआधी शूट चालवणाऱ्या कॅप्टनला विम्याचं सरळ विचारा. तो चिडला तर बंदूक बाजूला ठेवा आणि हाका घालायला जा. मात्र तिथेही, रोजचे पैसे मिळणार असतील तर, एम्प्लॉयर्स लायबिलिटीचा कागद आधी बघून घ्या.