17 वर्षं घरी बसलो होतो असं लिहून द्यायचं म्हणे

आज डोकं पार फिरलंय. बारावी झाल्या झाल्या फौजेत भरती झालो, 17 वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि आता एफवाय बीएला अ‍ॅडमिशन घेतोय, रेग्युलर, बाहेरून नाही, कारण वर्गात बसून शिकायचं राहून गेलं होतं. तर कॉलेजच्या ऑफिसात पहिला प्रश्न, गॅप सर्टिफिकेट कुठाय? म्हणजे मधली वर्षं शिक्षण का सुटलं, काय करत होतो, त्याचा कागद.

अहो डिस्चार्ज बुक समोर ठेवलंय ना! भरतीच्या तारखेपासून घरी येईपर्यंत सगळं त्यात आहे, ट्रेड, कोर्स, मेडल, कॅरेक्टर, सगळं सही-शिक्क्यानिशी. बाबू म्हणे ते चालत नाही, अ‍ॅफिडेव्हिट पाहिजे. बरं, गेलो कोर्टासमोरच्या टायपिस्टकडं. त्याच्याकडं मजकूर तयारच, नुसतं नाव आणि वर्षं भरायची. 'सदर कालावधीत मी घरीच होतो, कोठेही शिक्षण अथवा नोकरी केलेली नाही.' म्हटलं भाऊ, हे खोटंय, आणि खाली तूच छापलंयस की मजकूर खोटा निघाला तर शिक्षेस पात्र राहीन. तर हसतो, म्हणे साहेब सगळे हेच देतात, कोण वाचतंय. मग मी स्वतः लिहून आणलं की या काळात भारतीय सैन्यात होतो, नोटरी केलं, तर बाबूनं न वाचताच परत दिलं, कॉलेजच्या नमुन्यात नाही म्हणून! म्हणजे शपथेवर खोटं बोललो की अ‍ॅडमिशन पक्की.

आणि स्टॅम्प पेपर 500 चाच पाहिजे. 100 चा ऑक्टोबर 2024 ला गेला तो गेलाच. पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क 2004 सालीच माफ झालंय, हे कॉलेजवाल्यांच्या गावीही नाही. विचारलं की 'आमच्याकडं असंच आहे'.

खरी मजा पुढं आहे. फाईलमध्ये काँगोचं युएन मेडलचं सर्टिफिकेट होतं. तिथल्या गोमा शहरात युएनच्या शांतिसेनेत होतो आम्ही, नोव्हेंबर 2012 मध्ये एम23 च्या बंडखोरांनी ते शहर घेतलं तेव्हा तिथंच, निळं हेल्मेट डोक्यावर, बायकापोरं गाठोडी घेऊन रस्त्यानं पळतायत आणि पलीकडून तोफांचे आवाज. बाबूनं तो कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, 'हे फॉरेनचं दिसतंय, मग एआययूचं इक्विव्हॅलन्स लागेल.' म्हणजे परदेशी डिग्री इथल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे असं भारतीय विद्यापीठ संघाचं पत्र. अरे मी काय काँगोत डिग्री करायला गेलो होतो का रे बाबा?? शेजारची मॅडम म्हणे काका, तुम्हाला तर स्कॉलरशिप असेल. नाही हो ताई, पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या पोरांना आणि विधवांना आहे, म्हणजे मी मेलो असतो तर बायकोला शिकता आलं असतं.

दहावी पास आणि 15 वर्षं सर्व्हिस असली की केंद्राच्या ग्रुप सी नोकरीत ग्रॅज्युएट धरतात, पण ते नोकरीपुरतं, एमएला त्याचा उपयोग शून्य. अग्निवीरांसाठी 2022 ला इग्नूची खास डिग्री काढली, निम्मे क्रेडिट फौजेच्या ट्रेनिंगचे. चांगलंय, मिळू दे पोरांना. पण माझ्या कोर्सचे काही क्रेडिट धरता का विचारलं तर उत्तर काय, 'एनसीसीत होतात का? त्याचे बघू.'

बरं हे कुठं चाललंय, तर सातारा-कोल्हापूर पट्ट्यात, जिथं गावं आणि घरं फौजेनं भरलीत! या बाबूचाही कुणीतरी मामा-काका पलटणीत असणारच. आणि ह्याच कॉलेजातून सरांचा फोन आला होता, 15 ऑगस्टला मेडल लावून या, पोरांसमोर दोन शब्द बोला. तेव्हा नाही कुणी विचारलं गॅप सर्टिफिकेट.

मी त्या टायपिस्टच्या मजकुरावर सही करणार नाही म्हणजे नाही. प्राचार्यांना भेटतो म्हटलं तर ते रजेवर, सोमवारी येणार. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार.