संगणक न झिजवता संगणक शिकवण्याची पद्धत

शाळेला संगणक मिळाले म्हणजे ते मुलांना वापरू द्यायचे, असा एक गैरसमज नव्या शिक्षकांत आढळतो. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, 'संगणक संच, नग १०' अशी नोंद झाली की निर्लेखनाच्या, म्हणजे वहीतून बाद करण्याच्या, दिवसापर्यंत ते १० नग शाबूत राखणं एवढंच आपलं काम. तेव्हा आधी कुलूप, आणि किल्ली अशा सरांकडे द्या ज्यांना निवडणुकीची ड्युटी हमखास लागते.

उन्हाळी सुट्टीत यूपीएस तसेच पडू द्या. आतली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगविना राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि जूनमध्ये वीज जाताच यूपीएस एकदा चिरकून मान टाकतो. महिन्यातून एकदा रात्रभर चार्जिंगला लावली असती तर तगली असती, पण सुट्टीत शिपाईमामांना त्रास कशाला? मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेलही संपू द्या. मग चालू केला की संगणक कित्येक वर्षं मागची तारीख दाखवतो आणि ब्राउझर कोणतंही सुरक्षित संकेतस्थळ उघडायला नकार देतो. लगेच 'नेट बंद आहे' असं पत्र पाठवा. सेल बदलायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो हे खरं, पण त्याला जावक क्रमांक मिळत नाही.

पहिलं सत्र संगणकाच्या पिढ्यांत सहज निघतं. निर्वात नळ्या, ट्रान्झिस्टर, जर्नलमध्ये माऊसची आकृती, तीही पेन्सिलीने.

एक्सेल मात्र टळत नाही. द्या एक बिल करायला: की-बोर्ड, माऊस, नग, दर, जीएसटी. दर 'रु. ४५०/-' असाच टाइप करायला सांगा. सेलमध्ये, म्हणजे तक्त्याच्या चौकटीत, आकड्याऐवजी मजकूर जातो, डावीकडे चिकटून बसतो आणि नगांशी गुणाकार करताच उत्तराच्या जागी एरर येतो. (नुसता ४५० लिहून रुपयाचं चिन्ह फॉर्मॅटमधून द्यायचं असतं, हे एखाद्या कार्ट्याला कळलंच तर त्याला फळा पुसायला पाठवा.) कराचा दर एफ १ या सेलमध्ये ठेवा आणि टक्क्याचं चिन्ह न देता नुसता १८ लिहा. हजाराच्या मालावर १८,००० रुपये कर बसतो. सरकारची तक्रार नसेल.

कुणी १८% लिहिलंच तरी घाबरू नका. पहिल्या ओळीत उत्तर बरोबर येईल. सूत्र खाली ओढलं की एफ १ चं एफ २, मग एफ ३ होतं. ते सेल रिकामे, म्हणून खाली सगळीकडे शून्य. एफच्या आधी एक आणि १ च्या आधी एक असं डॉलरचं चिन्ह दिलं की दर जागचा हलत नाही, आणि त्यासाठी एफ ४ ही एकच कळ दाबायची असते. ती दाखवू नका. खिशातला कॅल्क्युलेटर काढा आणि शून्यांच्या जागी उत्तरं टाइप करून घ्या. पुढे नग बदलले तरी कराची रक्कम तीच राहते, आणि तपासताना सगळ्यांचं उत्तर एक येतं.

प्रमाणपत्रांसाठी मेल मर्ज आहे म्हणे. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, खाली विद्यार्थ्यांची यादी, आणि ६० प्रमाणपत्रं एका दमात तयार. त्यापेक्षा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये करून पेनड्राइव्हवर द्या. झेरॉक्सवाल्याकडे तो फॉन्ट नसला की 'गुणवंत'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, आणि नावं शेवटी सुवाच्य अक्षराच्या बाईंनाच लिहावी लागतात.

तपासणीच्या दिवशी चालू असणारे ३ संच दरवाजाजवळ आणा, पेंटमध्ये तिरंगा काढणारी मुलं तिथे बसवा. साहेबांनी बिलाचा तक्ता उघडायला सांगितला, तर यू-डायसची, म्हणजे सरकारी पोर्टलवरची शाळेची, माहिती आजच भरायची आहे म्हणून संच मोकळा करून घ्या. त्यावर ते काही बोलणार नाहीत. ती त्यांनीच मागवलेली असते.