काळ्या स्क्रीनबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की माझ्या स्टेप्स करून फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर डेस्कटॉप छान चालला, पण तिच्या 14.0 आवृत्तीवरून 14.1 ला गेल्यावर बूट होतानाच स्क्रीन काळी झाली, अख्खा रविवार गेला, आणि लिनक्सवर हे सगळं आपोआप होतं तर मी लोकांना कशाला या नादी लावतो. रविवार गेला त्याचं खरंच वाईट वाटलं. अपग्रेडनंतर काय करायचं हे मी लेखात लिहायला पाहिजे होतं, ते राहिलं, चूक माझी.

पण दोष एक्सऑर्गचा (थोडक्यात एक्स, डेस्कटॉप पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) नाहीये. तुमच्याकडे लॉगिन प्रॉम्प्टसुद्धा येत नाही म्हणताय ना, म्हणजे एक्स अजून सुरूच झालेलं नाही, त्यामुळे तुम्ही डेस्कटॉप तीनदा काढून परत टाकलात त्याचा काही उपयोग होणार नव्हता. अडतंय ते आय915केएमएस, म्हणजे इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर, लोड होताना. लिनक्समध्ये हा ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याबरोबरच, येतो. फ्रीबीएसडीत तोच लिनक्सचा कोड लिनक्सकेपीआय नावाच्या थरावर बसवून डीआरएम-केएमओडी म्हणून वेगळा पॅकेज करतात, आणि 14.0 चा सपोर्ट सप्टेंबर 2024 अखेरपर्यंत असल्यामुळे तोवर 14 ची पॅकेजेस 14.0 वरच बिल्ड होत होती. म्हणजे कर्नल 14.1 चं आणि मॉड्यूल (म्हणजे हा ड्रायव्हर) 14.0 साठी बनवलेलं. साधी पॅकेजेस अशी चालून जातात, ग्राफिक्सचं मॉड्यूल कर्नलच्या इतकं आत असतं की ते चालेलच असं नाही.

आता मशीन फॉरमॅट करू नका, प्लीज. बूट मेनूत 2 दाबून सिंगल यूजरमध्ये (दुरुस्तीसाठीच्या साध्या मोडमध्ये) जा, रूट म्हणजे मुख्य फाइलसिस्टीम रीड-राइट माउंट करा आणि आरसी.कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमधल्या केएलडी_लिस्टच्या (बूट होताना लोड करायच्या मॉड्यूल्सच्या) ओळीपुढे हॅश टाकून ती बंद करा, मग साधं, नुसत्या अक्षरांचं कन्सोल मिळेल. तिथून जुनं डीआरएमचं पॅकेज काढा (फक्त वरचं, दुसऱ्या पॅकेजकडे बोट दाखवणारं मेटापॅकेज नाही, त्याच्या आतलं नंबरवालं पण, नाहीतर पोर्ट्स, म्हणजे सोर्सवरून प्रोग्राम बिल्ड करायची व्यवस्था, म्हणेल की हे आहेच आणि काहीच बिल्ड करणार नाही) आणि पोर्ट्समधून परत बिल्ड करा. यूएसआर/एसआरसी या फोल्डरमध्ये सिस्टीमचा 14.1 चाच सोर्स हवा, जुना पडला असेल तर परत तेच होईल. झालं की हे पॅकेज पीकेजी लॉक कमांडने लॉक करून ठेवा, म्हणजे पुढच्या अपग्रेडला त्यावर परत जुनं येऊन बसणार नाही.

आणि लगेच केएलडी_लिस्टमधला हॅश काढू नका. आधी कन्सोलवरून केएलडीलोड कमांडने मॉड्यूल हाताने लोड करून बघा, अक्षरं बारीक झाली आणि कन्सोल शाबूत राहिला तर काम झालं. गडबड झालीच तर नुसतं रीबूट, परत सिंगल यूजरची भानगड नाही.

लिनक्स सोपं पडत असेल तर तेच वापरा, मला काहीच वाटणार नाही. फक्त त्याआधी हे एकदा करून बघा. मॉड्यूल नीट लोड होऊनही स्टार्टएक्सला (डेस्कटॉप सुरू करायच्या कमांडला) काळंच दिसलं तर यूजर व्हिडिओ ग्रुपमध्ये आहे ना ते बघा, आणि एक्सऑर्गच्या लॉगमधल्या कंसात ईई लिहिलेल्या ओळी इथेच टाका, मी आज रात्री बघतो.