पाणी गळतंय म्हणून गॅस भरू नका

आज गोव्यात डिचोलीला एका घरी जाणं झालं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. पोस्ट लांबणार आहे, तरी वाचा. आणि घरात स्प्लिट एसी असेल तर वाचून झाल्यावर मागच्या दारी जाऊन त्याच्या पाण्याच्या पाईपचं तोंड एकदा बघून या.

चिऱ्याचं जुनं घर. चवथीला गणपती जिथे बसतो त्या खोलीत, माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या) चौकटीपासून हातभर अंतरावर एसी. एसीखालची भिंत कमरेपर्यंत फुगलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेले, मधे मधे पांढरा लोणा. खाली प्लास्टिकचा टब. थेंबांच्या आवाजानं रात्री झोप मोडते म्हणून टबात जुन्या लुगड्याचं फडकं टाकलेलं. आजी म्हणाल्या, "पुता, तीन वर्षं झाली. दर चवथीआधी माणूस येतो, गॅस संपला म्हणतो, भरून जातो. आठ दिवस बरे जातात, मग परत टब."

तीन वर्षांत तीनदा गॅस! आणि खोली मात्र छान गार. खोली गार होतेय याचा अर्थ गॅस आहे, एवढी साधी गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही.

एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद तांब्याच्या नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि आधी ती शोधायला हवी. बहुतेकदा ती फ्लेअर नटाच्या, म्हणजे तांब्याच्या नळ्या मशीनला जोडणाऱ्या नटाच्या, जोडावर सापडते. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. किती गॅस हवा ते मशीनच्या प्लेटवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. भरणाऱ्यानं वजनकाटा आणलाय का, एवढं तरी विचारा.

हो, गॅस कमी असल्यामुळेही पाणी गळू शकतं, हे मान्य. गॅस कमी झाला की कॉइल (आतली गार होणारी नळ्या-पत्र्यांची जाळी) गोठते, बर्फ धरतो, मशीन बंद केल्यावर तो वितळून खालच्या पाण्याच्या ट्रेच्या बाहेर सांडतो. फिल्टर धुळीनं बुजला तरी हेच होतं. पण ते ओळखायला मिस्त्री लागत नाही. पुढचं झाकण उघडा, फिल्टर काढा, आतल्या पत्र्यांवर बर्फ दिसतोय का बघा. बर्फ असेल आणि गारवाही कमी असेल तर आधी फिल्टर धुवा, तरी फरक नाही पडला तर गॅसचं बघा. बर्फ नाही, खोली गार आणि भिंतीवरून पाणी, म्हणजे बहुधा पाण्याची वाट अडलीय. आजींकडे बर्फाचा कणसुद्धा नव्हता.

पाणी येतं कुठून? आपल्याकडच्या हवेतून. पावसाळ्यात बाहेर 27 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असली तर ती हवा 24 अंशांच्या आसपास थंड झाली की पाणी सोडायला लागते. आतली कॉइल असते दहा-बारा अंशांवर. मग पाणी सुटणारच. दीड टनाचा एसी अशा हवेत तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, कधी त्याहून जास्त. रात्रभर चालला तर अर्धी बादली कुठे गेली नाही. कोरड्या गावात बसवलेला एसी वाकडा बसला तरी वर्षानुवर्षं खपून जातो. गोव्यात नाही खपत. इथे पाईपला अर्ध्या बोटाची चूकसुद्धा भिंतीवर दिसते.

हे सगळं पाणी कॉइलच्या खालच्या अरुंद ट्रेमध्ये पडतं आणि मागच्या तोंडातून बोटाएवढ्या जाड पाईपनं बाहेर जातं. त्याला ढकलायला साध्या मशीनमध्ये पंप नसतो, पाणी फक्त उतारानं वाहतं. म्हणून उतार हवाच. मीटरमागे कमीत कमी एक सेंटिमीटर, दोन असला तर उत्तम. तीन मीटर पाईप असेल तर दुसरं टोक तीन ते सहा सेंटिमीटर खाली. आणि हा उतार सलग हवा, मधे कुठेही वर चढता कामा नये.

आजींच्या पाईपचं दुखणं तिथेच होतं. भिंतीबाहेर आल्यावर पांढरा लवचीक पाईप गडग्याच्या बाजूनं चार मीटर आडवा नेलेला आणि त्याला क्लॅम्प दोनच. मधे पाईप झोळीसारखा लोंबलेला. झोळीत कायम पाणी. त्या पाण्यात हवेतली धूळ, बुरशी आणि जिवाणू मिळून करड्या रंगाची जेली होते, शिजवलेल्या साबुदाण्यासारखी. बोटात धरली तर निसटते, पण पाईपमध्ये घट्ट चिकटून बसते, कारण त्या पाईपला आतून वळ्या असतात आणि प्रत्येक वळीत तिला पाय रोवायला जागा मिळते. दरवर्षी येणारा माणूस गॅस भरता भरता प्रेशरच्या पाण्यानं मशीन धुवायचा, त्या जोरानं जेलीला भोक पडायचं. आठ दिवसांत भोक परत बुजायचं. म्हणजे जे काही बरं व्हायचं ते धुण्यानं, आणि पैसे घेतले गॅसचे.

याचा राग येणार नाही तर काय!

काढायला किती वेळ लागतो? अर्धा तास. पद्धत लिहून ठेवतो, घरी करता येते.

आधी एसी रिमोटनं बंद करून एमसीबी (बोर्डावरचा एसीचा वीज तोडणारा खटका) पाडा. नुसत्या रिमोटवर विसंबू नका. पाईपच्या बाहेरच्या तोंडाखाली बादली ठेवा. ओलं पाणी ओढणारा व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याची नळी पाईपच्या तोंडाला लावून भोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा आणि दोन-तीन मिनिटं ओढू द्या. घाण बाहेर येते. घरातला साधा, कोरडी धूळ ओढणारा व्हॅक्युम चुकूनही लावू नका, मोटरमध्ये पाणी जाईल आणि शॉकही बसेल. व्हॅक्युम नसेल तर सायकलच्या पंपानं बाहेरून हवा मारतात. चालतं, पण घाण उलटी ट्रेमध्ये येते आणि आतला जोड निसटायची भीती असते. हळू मारा आणि खाली पलंग-गादी असेल तर झाका. तार घालून खुपसणं मात्र बंद करा. पातळ पाईपला भोक पडतं किंवा तो भिंतीच्या आतच जोडावरून सुटतो, आणि मग पाणी चिऱ्यात मुरत राहतं, महिनाभर पत्ता लागत नाही.

त्यानंतर फिल्टर काढून, बारीक तोंडाच्या बाटलीनं कॉइलच्या पत्र्यांवरून किंवा ट्रेच्या कडेनं कोमट पाणी हळूहळू सोडा. समोर उभं राहिलं की बहुतेक मशीनमध्ये उजव्या हाताला सर्किट असतं, त्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नका. मग एक कप पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून ओता, अर्धा तास राहू द्या आणि वरून दीड-दोन लिटर साधं पाणी सोडून धुऊन काढा. आपलं माडाचं व्हिनेगर स्वयंपाकात ठेवा, त्यात गाळ असतो. उकळतं पाणी नको, पाईप मऊ पडतो. संडास धुवायचं अॅसिड तर अजिबात नको, अॅल्युमिनियमचे पत्रे खाऊन टाकतं. ब्लीचही नको. आणि व्हिनेगरवर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

शेवटी परीक्षा. एक लिटर पाणी मोजून ओता आणि कुणाला तरी बाहेर उभं करा. थोडं ट्रेत राहील, बाकीचं दोन-तीन मिनिटांत धारेनं बाहेर यायला हवं. थेंब थेंब येत असेल तर अजून अडलंय. बाहेर येतच नसेल आणि आत भिंत ओली होत असेल तर थांबा, जोड सुटलाय, मिस्त्रीला बोलवा. काही मशीनच्या ट्रेला डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन तोंडं असतात, जे वापरात नाही त्याला रबरी बूच असतं. सर्व्हिसिंगमध्ये ते बूच हरवलं की पाईप कितीही साफ करा, पाणी भिंतीवरच.

बाहेरच्या तोंडाचंही बघा. ते बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको, हवा अडकते आणि पाणी तुंबतं. जमिनीपासून वीतभर वर ठेवा. कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते, म्हणून मोठ्या भोकांची जाळी लावा. बारीक जाळी नको, तीच जेलीनं बुजते. खाली बादली ठेवत असाल तर आठवड्याला घासून कोरडी करा, डेंगीचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ते पाणी झाडांना घाला, लादी पुसा, पण पिऊ नका.

आता बिल्डर आणि इंटिरियरवाल्यांबद्दल. नव्या फ्लॅटांत पाईप भिंतीत पुरतात, दिसायला छान. पण त्यात तीन-तीन काटकोन, उतार शून्य, आणि वरून चार मजल्यांचे एसी एकाच उभ्या पाईपला जोडलेले. तो पाईप खाली तुंबला की वरच्यांचं पाणी पहिल्या मजल्यावरच्या एसीतून बाहेर येतं. ज्याचा काही दोष नाही त्याच्या पलंगावर! वर तो पाईप थेट गटाराला जोडला असेल तर खोलीत वासही येतो. भिंतीत पुरायचाच असेल तर 25 मिलिमीटरचा कडक पीव्हीसी घ्या, काटकोनाऐवजी 45 अंशांची दोन वळणं द्या, घाम येऊ नये म्हणून वरून फोमचं इन्सुलेशन चढवा आणि भिंत बुजवण्याआधी एक लिटर ओतून बघा. प्लास्टर झाल्यावर कुणी फोडायला तयार होत नाही, तेव्हा हे आधीच करा. खर्च वाढतो, हे खरं. भिंतीला परत रंग लावायचा खर्च त्याहून मोठा.

आणखी एक, आपल्या पावसासाठी. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला अर्धा-एक सेंटिमीटर उतरतं हवं. आत उतरतं असेल तर नैर्ऋत्येचा पाऊस पाईपवरून ओघळत घरात येतो आणि एसी बंद असतानाही भिंत ओली होते. तांब्याच्या पाईपला भोकात शिरण्याआधी खाली एक वळसा द्या, पाणी तिथेच गळून पडेल. भोकाच्या कडा पुट्टीनं बुजवा.

लिहिता लिहिता थोडा शांत झालोय, तर मिस्त्री पोरांबद्दलही लिहितो. एप्रिल-मे महिन्यात त्या पोरांना दिवसाला किती घरं फिरवतात ते बघा. शिडी, पंप, सिलेंडर घेऊन बाईकवरून पेडण्याहून फोंड्याला. एका घरी वीस मिनिटं मिळतात, आणि पाईप साफ करायचे वेगळे पैसे कुणी देत नाही. गॅसचे मात्र लगेच देतात. दोष सगळा त्यांचा नाही. आपणही पाईप साफ करायचे, उतार नीट करायचे पैसे वेगळे द्यायला हवेत आणि काम झाल्यावर एक लिटरची परीक्षा समोर करून घ्यायला हवी. पण ज्यानं एका एकट्या म्हाताऱ्या बाईला तीन वर्षं गॅस विकला, त्याला माफ करायला मन तयार नाही. त्याला पाईप दिसत होता. लोंबलेला, दारातूनच दिसणारा.

कधी करायचं? फिल्टर दर पंधरा दिवसांनी. पाईप तीन महिन्यांतून एकदा, तांबड्या मातीच्या रस्त्याला लागून घर असेल तर आणखी लवकर. मिरगाच्या आधी एकदा आणि चवथीच्या आधी एकदा नक्की. घर बंद करून मुंबईला किंवा परदेशी जाणाऱ्यांनी निघण्याआधी पाईप धुवावा आणि तासभर नुसता पंखा मोड चालवून आतली कॉइल वाळवावी, नाहीतर परत याल तेव्हा ट्रेमध्ये जेली तयार असेल.

आजींकडे आज भिंतीबाहेर कडक पीव्हीसी लावला. लवचीक पाईपचं टोक पीव्हीसीच्या आत गेलं पाहिजे, उलटं नाही, नाहीतर जोडावर गळतं. दर दोन फुटांवर क्लॅम्प, चार मीटरला सहा सेंटिमीटर उतार. एक लिटर ओतलं, बाहेर कर्दळीच्या मुळाशी धार पडली. आजी बाल्कावातून (दारापुढच्या बसायच्या जागेवरून) उठून बघायला आल्या आणि बराच वेळ धारेकडे बघत उभ्या राहिल्या. मग विचारलं, "चवथीआधी रंग लावू ना?"

नाही म्हणावं लागलं. चिरा तीन वर्षं पाणी प्यायलाय, पावसात तो वाळणार नाही. सुटलेले पापुद्रे खरवडून, लोणा कोरड्या ब्रशनं झाडून भिंत उघडी ठेवायला सांगितलंय. पुट्टी आणि रंग दिवाळीनंतर, तेही फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवल्यावर आतून दव धरलं नाही तरच. तोवर गणपतीमागे तेवढ्या भिंतीवर पडदा लावू म्हणाल्या. टबातलं फडकं काढून त्यांनी पिळून दोरीवर टाकलं.