मायेला पगार नसतो, असे म्हणणाऱ्यांसाठी

गेले काही दिवस वडोदऱ्यातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. अंगणवाडी-बालवाडीच्या बाईंना पदविका आणि वेतनश्रेणी देणे हे परदेशी खूळ आहे, आपल्या आज्यांनी पदविकेवाचून पिढ्या वाढवल्या, मुले सांभाळायला माया पुरते आणि मायेला पगार नसतो, असा त्याचा मथितार्थ. ‘सुप्रभात’च्या फुलांबरोबर मी तोही पुसून टाकला असता, परंतु आमच्या मामेसासऱ्यांनी तो माझ्या धाकट्या जावेला पाठवला. ती पाणीगेटच्या बाजूला एका अंगणवाडीत कार्यकर, म्हणजे अंगणवाडी सेविका, आहे. बालशिक्षणाच्या पदविकेसाठी तिने भरून ठेवलेला अर्ज रविवारी मला रद्दीच्या गठ्ठ्यात सापडला. मामांचा मान राखूनच लिहिते आहे, पण लिहिते आहे.

‘मायेला पगार नसतो’ हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि संदेशातले सर्वांत घातक वाक्यही तेच आहे. माझी जाऊ सकाळी जाऊन वजने घेते, मोबाइलवर पोषण ट्रॅकर हे सरकारी नोंदींचे ॲप भरते, बालशक्ती या पूरक आहाराची पाकिटे वाटून सह्या घेते, गरोदर बायकांच्या घरी जाते, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करते. आणि यातून जो वेळ उरेल त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. तेडागर, म्हणजे मदतनीस, बाई घरोघर फिरून पोरे आणतात, खाऊ शिजवतात, भांडी घासतात. या सगळ्याला सरकारी भाषेत ‘मानधन’ म्हणतात, म्हणजे मान देऊन धन टाळता येते. केंद्राने २०१८ मध्ये कार्यकरचे मानधन महिना ४,५०० रुपये ठरवले. त्यावर राज्य आपली भर घालते. हे मानधन म्हणजे वेतन नव्हे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयातही झाला, आणि तोही आपल्याच गुजरातमधल्या, दाहोदकडच्या बायकांच्या खटल्यात. २५ एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, मानधनाला वेतन मानले आणि हे काम अर्धवेळ आहे हे म्हणणेही फेटाळले. मायेच्या नावाने फुकट राबवून घेण्याची सोय ज्यांना हवी आहे, त्यांनी तो निकाल एकदा वाचावा.

आजीचे म्हणाल तर गोष्टी, बडबडगीते आणि अंगण तिच्याकडे होते, हे खरे. परंतु आजीपुढे परक्या घरची, तीन भाषा बोलणारी वीस-पंचवीस पोरे एकाच खोलीत बसलेली नसत. एकदा मी जावेच्या अंगणवाडीत गेले होते. तिने एका चार वर्षांच्या मुलापुढे बाटल्यांची सात झाकणे जवळजवळ मांडली, त्याने मोजली. मग तिने तीच झाकणे लांब लांब पसरली, तेव्हा तो म्हणाला, ‘आता जास्त झाली.’ माझ्या तोंडावर ‘अरे वेड्या’ आलेच होते. जावेने त्याला चूक म्हटले नाही. झाकणे पुन्हा जवळ आणून त्याच्याच हातात दिली. या वयात मूल असाच विचार करते, हे तिला एका छोट्या प्रशिक्षणात कळले होते. मायेने मी त्याला रागावले असते.

परदेशी खूळ? मराठी घरातल्या ताराबाई मोडक भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे आणि शिक्षक घडवण्याचे काम करत होत्या. त्या दोघांच्या नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ ची आहे. आणि हे श्रीमंत देशांचे चोचले असतील, तर जमैकाचे काय करायचे? किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी १९८६-८७ पासून दोन वर्षे, दर आठवड्याला, प्रशिक्षित स्थानिक आरोग्यसेविका जाऊन आयांना मुलांशी खेळायला शिकवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ज्यांच्या आयांना असे शिकवले नव्हते अशा तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. नुसत्या पदविकेच्या कागदाने शिकवता येत नाही. तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांच्या अभ्यासात निम्म्या ठिकाणी शिकवण्यासाठी अर्ध्या दिवसाची एक जादा बाई नेमली. तिला पदवीची अट नव्हती, प्रशिक्षणही थोड्याच दिवसांचे. तरी शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, दीड वर्षात मुले गणितात आणि भाषेत पुढे गेली, आणि कार्यकरला पोषणाकडे लक्ष देता आल्याने वाढ खुंटलेली मुलेही कमी झाली. म्हणजे पदविकेबाबत संदेश अर्धा बरोबर ठरतो. पण ती जादा बाई पगारावर होती, मायेवर नव्हती.

संदेशाच्या शेवटी सयाजीराव महाराजांचे नाव कशासाठी घातले आहे, ते मला कळले नाही. १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या राजाला या संदेशात ओढू नये, एवढेच म्हणते.

अर्ज मी इस्त्रीखाली सरळ केला आहे. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. फोटोवर तेलाचा डाग पडल्यामुळे तेवढा नवा काढावा लागेल.