रिक्षा खाली उभी आहे

गणपतीला गावी जायचं तिकीट काढायला तुम्ही ६० दिवस आधी सकाळी पावणेआठला तीन फोन आणि एक लॅपटॉप मांडून बसता. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० दिवस आधी बसायचात, म्हणजे रेल्वेने तुमची काळजी निम्म्यावर आणली आहे. आठला बुकिंग उघडतं, आठ वाजून दोन मिनिटांनी तुम्ही वेटिंग लिस्टवर असता आणि पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नसतो. एवढी अक्कल तिकिटावर खर्च झाल्यावर घर बंद करण्यासाठी आणखी खर्च करणं ही उधळपट्टी आहे. घर बंद करायची योग्य वेळ एकच: रिक्षा खाली येऊन उभी राहिल्यापासून तिचा दुसरा हॉर्न वाजेपर्यंत.

आधीचे चार दिवस सामानासाठी राखून ठेवा. स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, हा नियम तुम्ही वाचलेला नसेल, वाचूही नका. गावी काही मिळत नाही या श्रद्धेने बॅगा भरा. उदबत्ती, कापूर, वाती, मोदकाचा साचा (गावच्या घरात दोन आहेत) आणि पाच नारळ. होय, नारळ. ठाण्याहून मालवणला नारळ नेणारा माणूस मी आरशात पाहिलेला आहे. चतुर्थीच्या तोंडावर तिकडे भाव चढतात, असं समर्थन तयार ठेवा. येताना काकी दहा नारळ बांधून देते तेव्हा त्याचा काही उपयोग होत नाही.

फ्रीज रिकामा करणं ही दोन दिवसांची मोहीम. अर्धा दुधी, मूठभर गवार, परवाची आमटी आणि कधीचीतरी चिंचेची चटणी एकत्र शिजवून मुलांना 'मिक्स व्हेज' म्हणून वाढा. कोणी तोंड वाकडं केलं तर "टाकून द्यायचं का मग?" असं विचारा, या प्रश्नाला महाराष्ट्रात अजून उत्तर सापडलेलं नाही. फ्रीझरला मात्र हात लावू नका. गटारीला जास्तीची आणलेली दोन वाटे कोळंबी तिथे आहे. श्रावण गेला, गणपती गेले, की परत आल्या संध्याकाळी तिचं कालवण करायचं ठरलं आहे.

दागिन्यांसाठी बँकेचा लॉकर असतो. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. तीन लाखांत हल्ली किती तोळे येतात हा हिशेब करा आणि गुपचूप तूरडाळीचा डबा उघडा. डाळीच्या तळाशी पाटल्या ठेवायची युक्ती फक्त तुमच्या आईने तुम्हाला सांगितलेली आहे. चोराला आई नसते.

निघण्यापूर्वी 'चललंव गावाक' असं स्टेटस टाका. फोटोत घरातले सगळे येतील असं बघा, म्हणजे मागे कोणी उरलेलं नाही हे वेगळं लिहावं लागत नाही.

बाल्कनीतल्या कुंड्यांखाली ताटल्या ठेवून त्या काठोकाठ भरा. तुळस आठ दिवस तगेल की नाही सांगता येत नाही, पण डेंग्यूच्या डासाची सोय पक्की होते. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. पालिकेचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात ते त्यासाठीच. सात दिवसांचा गणपती करून तुम्ही परत याल तेव्हा दारात तुमची वाट बघणारं कोणीतरी असेल. आल्यावर ताटली नुसती ओता, घासू नका. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात, तेव्हा बाळगलेल्या पाहुण्यांची पुढची पिढीही तुमचीच.

आता नळ. हा भाग सावकाश वाचा, कारण तो मी मोल देऊन मिळवला आहे. निघायच्या दिवशी पाणी गेलेलं असतं. ते आलंय का हे बघायला घरातला प्रत्येक जण एकदा स्वयंपाकघरातला नळ उघडतो, फुसफुस ऐकतो आणि "नाही आलं" असं म्हणून बाहेर जातो. जे आलंच नाही ते बंद काय करायचं? सिंकमध्ये शेवटच्या चहाचं गाळणं उपडं झालेलं असू द्या. चोथा जाळीवर नीट बसला की पुढचं पाणी बघून घेतं.

याच सुमारास दुसरा हॉर्न वाजतो आणि घरातला सर्वांत जबाबदार पुरुष "शॉर्टसर्किट नको" असं म्हणत मेन स्विच खाली करतो. मी हे काम नेहमी स्वतः करतो. त्या एका खटक्यात दिवे, पंखे, टीव्हीचा लाल ठिपका, वायफाय आणि चोरावर नजर ठेवायला मुद्दाम बसवलेला कॅमेरा, सगळं एकदम सुरक्षित होतं. कोळंबीसुद्धा.

जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या. इतक्या विश्वासू की ती त्या पर्समध्येच ठेवतात. आपण उद्या गुहागरला निघतोय, असं त्या म्हणाल्या होत्या, पण तेव्हा तुम्ही नारळ मोजत होता.

मग हातावर दही, देवाला नमस्कार, "जातो" म्हणणाऱ्या मुलाला "येतो म्हण" असा दम, आणि कुलूप तीनदा ओढून बघणं. चौथ्यांदा ओढायला दुसऱ्या मजल्यावरून परत वर जा. रिक्षावाल्याला सवय असते.

गॅस बंद केला का, हा प्रश्न घरात विचारायचा नसतो. ठाणे स्टेशनवरही नाही, पनवेलला गाडी उभी असतानाही नाही. तिथे अजून उतरता येतं. तो रोहा गेल्यावर विचारावा. तिथून कोकण रेल्वे सुरू होते, पुढे बोगद्यांत फोन लागत नाही आणि पावसाळी वेळापत्रकात गाडी अशा बेताने चालते की सिलिंडरचे १४.२ किलो मनातल्या मनात कितीतरी वेळा पेटवून होतात. एकाने "तू केलास ना?" म्हणावं, दुसरीने "मला वाटलं तुम्ही केलात" म्हणावं, आणि कुडाळ येईपर्यंत दोघांनी खिडकीबाहेर बघावं. गॅस बंदच असतो. आमचा तर दरवर्षी बंदच निघाला आहे. नळाबद्दल मात्र आजवर रोह्याच्या पुढे कोणी काही विचारलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी, आरती 'घालीन लोटांगण'वर आली की सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो. तो घेण्यासाठी विहिरीजवळच्या फणसाखाली उभं राहावं लागतं, कारण वाडीत रेंज तेवढ्यातच आहे.

"तुमच्या दाराखालून पाणी येतंय. खालच्यांच्या हॉलमध्ये गळायला लागलंय."

"काकूंकडे किल्ली आहे."

"काकूंच्या दाराला कुलूप आहे."

पाणी ठाण्यात, किल्ली गुहागरला, तुम्ही मालवणात. शेवटी सेक्रेटरी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक फिरवतात. त्याने तुमच्याबरोबर संपूर्ण विंगचं पाणी बंद होतं आणि सणासुदीच्या दिवशी जी थोडी कुटुंबं मागे राहिली आहेत ती सगळी तुमच्या नावाने आरती म्हणू लागतात. नेमकं काय आणि किती भिजलंय हे बघायला तुम्ही मोठ्या आशेने फोनवर कॅमेरा उघडता.

ज्या घराच्या परड्यात उभं राहून हे सगळं चाललेलं असतं, ते घर वर्षातले साडेअकरा महिने बंदच असतं. दाराला गंजलेली कडी, किल्ली पडवीच्या वाशात खोचलेली, आणि ती कुठे आहे हे वाडीतल्या कुत्र्यालाही माहीत. दोनचार कौलं सरकतात, एखाद्या पेटीला वाळवी लागते. नळ नाहीच, त्यामुळे तो उघडा राहत नाही.

तरी ते बंद करतानाही हयगय नको. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बॅगा ओट्यावर येतात, बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, रिक्षा उभी राहते, काकीचे दहा नारळ आणि आपले उरलेले तीन पायाशी ठेवले जातात. हातावर पुन्हा दही. रिक्षा पाणंद सोडून डांबरी रस्त्याला लागते, पूल ओलांडते, कुडाळची गाडी सुटायला जेमतेम तासभर उरतो, आणि मागच्या सीटवरून आई विचारते:

"मागल्या दाराची कडी घातलंस मां?"