तळ्याचा फिल्टर नळाखाली धुवू नका

उन्हाळा लागला की सोलापुरातल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास एक संदेश फिरतो: बागेतल्या तळ्याचा फिल्टर दर आठवड्याला नळाखाली पांढरं पाणी निघेस्तोवर धुवा, रात्री पंप बंद ठेवून वीज वाचवा, यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावलात तर बाकी फिल्टरची गरज नाही, आणि फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेले लिटर बघून माल घ्या. हे सल्ले माशांच्या जिवावर उठणारे आहेत.

आधी धुण्याचं बघू. फिल्टरमधल्या स्पंजवरचा तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजे निव्वळ घाण नव्हे. त्यात जिवाणू असतात. माशांकडून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषारी. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य, झाडं ते शोषून घेतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जिवाणूंना मारतं. मग पाणी नितळ दिसतं आणि मासे मात्र मरू लागतात. स्पंज तळ्याच्याच बादलीभर पाण्यात दोन-चारदा पिळा, तेही धार मंदावली तरच. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. ते गढूळ पाणी जास्वंदीला घाला, वाया जात नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आलं की पाइप थेट तळ्यात सोडला जातो. तसं न करता ते उघड्या टाकीत दिवसभर ठेवून मग तळ्यात घाला.

रात्री पंप बंद ठेवणं तर त्याहून वाईट. दिवसा पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री त्याही तो वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यात पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. सोलापूरच्या मे महिन्यात पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर आधी पंप चालू आहे का ते बघा. बंद फिल्टरमधले जिवाणूही गुदमरतात. आणि वाचतं किती? 40 वॅटचा पंप 10 तास बंद ठेवला तर 0.4 युनिट!

यूव्ही दिव्याने पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ मरतं, त्याच्या गुठळ्या होतात. त्या अडवायला स्पंज लागतोच. अमोनियावर दिव्याचा काही परिणाम नाही. बोअरचं जड पाणी असेल तर आतल्या काचेच्या नळीवर पांढरा थर धरतो. दिवा काढून ती व्हिनेगरने पुसा.

राहिलं खोकं. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये मोजून गुणा आणि 1,000 ने गुणा. अडीच बाय दोन मीटरचं, 80 सेंटिमीटर खोल तळं म्हणजे 4,000 लिटर. खोक्यावरचा आकडा बहुधा थंड हवा आणि मोजके मासे धरून दिलेला असतो, तेव्हा आपल्या उन्हात दुप्पट क्षमतेचा फिल्टर घ्या. पंपावरचा आकडाही पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो. मीटरभर उंच धबधबा करायचा असेल, तर त्या उंचीला ताशी किमान 2,000 लिटर मिळतात का, ते दुकानदाराला विचारा. कोई जातीचे मासे पाळायचे असतील तर 4,000.

नवा फिल्टर बसवल्यावर त्यात जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर दोन-तीनच मासे सोडा, आणि खाणं हात राखून घाला.